कमाईच्या मापाचा विमा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीसमोर ठेवण्यासाठी तयार केलेलं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन १९४७ मध्ये प्रसिद्ध झालं. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, शेतजमीन सरकारची असावी, ती गावकऱ्यांनी सामुदायिक पद्धतीनं कसावी, या त्यातल्या मागण्यांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच यादीत विम्याचंही एक कलम आहे. तिथवर वाचणारे थोडे. विम्याचा धंदा हा सरकारचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणं सक्तीचं करावं, प्रमाण किती ते विधिमंडळानं ठरवावं, असा त्याचा आशय. कारणंही तिथेच दिली आहेत. खासगी कंपनीपेक्षा सरकारची हमी भक्कम असते आणि हप्त्यांचा पैसा देशाच्या नियोजनाला भांडवल म्हणून वापरता येतो.

यातला एकाधिकाराचा भाग नंतर बराच गाजला. ‘मिळकतीच्या प्रमाणात’ हे शब्द मात्र निवेदनातच पडून राहिले. आयुर्विमा कुठला आणि किती घ्यावा, या प्रश्नाचं मी वाचलेलं सर्वांत नेमकं उत्तर तेच आहे. ते देणाऱ्याचा जन्म महूचा, म्हणून हा लेखही महूपासून.

इंदूरहून पंचविसेक किलोमीटरवरचं हे छावणीचं गाव. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी इथे तळ ठोकला. योगायोग असा की, कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स ही भारतातली पहिली आयुर्विमा कंपनी निघाली तीही १८१८ मध्येच. ती होती गोऱ्यांसाठी. हिंदी माणसाचा विमा एक तर कुणी घेत नसे, किंवा घेतला तर जादा हप्ता लावत. मुंबईत १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनं देशी माणसाला त्याच दरानं विमा द्यायला सुरुवात केली, तोवर महूची छावणी पन्नाशी ओलांडून गेली होती.

सुभेदार रामजी सकपाळ या छावणीतल्या लष्करी शाळेत शिकवत. १४ एप्रिल १८९१ रोजी काळी पलटण भागात त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं. आज तिथे स्मारक आहे. २००३ पासून गावाचं सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, बोलण्यात महूच राहिलं. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला गेलं. १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या, फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. मुलगा तेव्हा बाबासाहेब व्हायचा होता, नुकताच बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेला. त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला गेला. आणि त्याच १९१३ मध्ये, सकपाळ कुटुंब जिथे काही वर्षं राहिलं त्या साताऱ्यात, अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ ही कंपनी उभी केली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांच्या ट्रंकांत तिच्या पॉलिसी सापडत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. स्वातंत्र्यानंतर काही विमा कंपन्यांच्या मालकांनी विमेदारांचा पैसा आपल्याच इतर धंद्यांत वळवल्याची प्रकरणं बाहेर आली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्या रात्री अर्थमंत्र्यांनी आकाशवाणीवरून देशाला ते सांगितलं. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे एकूण २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. महामंडळाच्या पॉलिसीला केंद्र सरकारची हमी आहे, ती कायद्याच्या ३७ व्या कलमानं दिलेली. निवेदनातल्या कलमाचा अर्धा भाग असा नऊ वर्षांत खरा झाला. बाबासाहेब तो पाहून डिसेंबरात गेले. २००० मध्ये खासगी कंपन्या पुन्हा आल्या आणि एकाधिकार संपला. उरलेला अर्धा भाग, सक्ती आणि प्रमाण, कायद्यात कधी आलाच नाही.

अपवाद आहेत आणि महूत ते डोळ्यांनी दिसतात. या गावात इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी महाविद्यालय आहे. छावणीच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक वर्दीवाल्याचा विमा उतरवलेला असतो. १९७६ पासून आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड चालतो. पगारातून दरमहा रक्कम कापली जाते, तिचा एक भाग विम्यात जातो, दुसरा बचतीत साठून निवृत्तीला परत मिळतो. जवानाला कुणी विचारत नाही की तुला हवाय का. अग्निवीरांना तर हप्ताही नाही, त्यांचा ४८ लाखांचा विमा सरकार उतरवतं.

लष्करी वस्तीतून मेन स्ट्रीटच्या बाजारात आलं, की सक्ती संपते आणि माणूस एजंटच्या हवाली होतो. कापडवाला, ई-रिक्षावाला, कोचिंग क्लासचा मास्तर, पीथमपूरच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारा ऑपरेटर, हे सगळे विम्याच्या बाबतीत ‘स्वखुशी’चे नागरिक. टर्म प्लॅनचं, म्हणजे शुद्ध मुदत विम्याचं, नाव काढलं की माळव्यातल्या कुठल्याही बाजारात एकच वाक्य ऐकू येतं: “मरे तब मिले, जिए तो कुछ नहीं, ऐसा बीमा किस काम का?” मराठी घरात तेच वाक्य जरा सभ्य होऊन येतं, “टर्मचे पैसे परत मिळत नाहीत ना!”

या एका वाक्यावर या देशातला विम्याचा अर्धा बाजार उभा आहे. म्हणून आकड्यांत शिरू.

धरून चालू, महूच्या बाजार भागात राहणारा एक माणूस पीथमपूरला नोकरी करतो. वय ३४, पगार ४५ हजार. बायको घर सांभाळते. मुलं सहा आणि तीन वर्षांची. घराचं १४ लाखांचं कर्ज बाकी. हा माणूस उद्या नसेल तर घराला महिन्याला निदान ३० हजार लागतील, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. धाकटं बावीस वर्षांचं होईपर्यंत १९ वर्षं. मिळालेल्या पैशावरचं व्याज महागाईत जिरेल असं धरलं, तर ही रक्कम ६८ लाखांवर जाते. त्यात कर्जाचे १४ लाख आणि शिक्षणासाठी वेगळे १० लाख मिळवले, की ९२ लाख.

आता त्याच्याकडे आधीच काय आहे ते वजा करू. प्रॉव्हिडंट फंडाबरोबर एक विमा आपोआप येतो, हे बऱ्याच कामगारांना ठाऊक नसतं. १९७६ ची ही योजना आहे, कामगाराला हप्ता नाही, आणि २०२१ पासून तिची कमाल मर्यादा ७ लाख आहे. फंडात ६ लाख साठलेत असं धरू. बँकेनं प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचे ४३६ रुपये कापले असतील तर त्याचे २ लाख. एकूण १५. पेन्शन योजनेतून पत्नीला दरमहा मिळेल ती रक्कम इतकी तुटपुंजी असते, की ती हिशेबात न धरलेलीच बरी. उरले ७७ लाख. वार्षिक पगाराच्या चौदापट. पगाराच्या दहा ते पंधरापट विमा घ्या, असं सल्लागार सांगतात ते याच रस्त्यानं आलेलं असतं, आणि ‘मिळकतीच्या प्रमाणात’ हे शब्द रुपयांत मांडले तर असेच दिसतात.

एवढ्या रकमेचा साठीपर्यंतचा टर्म प्लॅन तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाला कंपनीगणिक वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

या घरात प्रत्यक्षात काय असतं? ओळखीच्या एजंटनं ‘एलआयसी काढून’ दिलेली बचतीची पॉलिसी. वर्षाला ३० हजार हप्ता, वीस वर्षं, विमा रक्कम ५ लाख. माणूस मेला तर घराला ५ लाख आणि तोवरचा बोनस. १४ लाखांचं कर्जसुद्धा त्यात फिटत नाही. जगला तर? अखेरीस बोनससकट १० लाख हाती आले असं धरलं तर परतावा पावणेपाच टक्क्यांच्याही आत राहतो. तेच ३० हजार वीस वर्षं पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी पडले असते तर तेरा लाखांवर गेले असते. ५ लाखांच्या विम्याचा मोबदला म्हणून तीन लाखांचा फरक मान्य केला तरी प्रश्न उरतोच, पाच लाखांच्या विम्यानं कुणाचं काय भागणार होतं?

बोनसबद्दल एक बारीक गोष्ट. बोनस दर हजारी विमा रकमेवर जाहीर होतो. ‘हजारी चाळीस’ ऐकायला छान वाटतं. पण तो बहुतेक वेळा मूळ विमा रकमेवर लागतो, आधीच्या बोनसवर नाही, आणि हातात मुदतीअखेरच येतो. चक्रवाढीची सवय लागलेल्या डोक्याला हा फरक पटकन दिसत नाही. मनीबॅकमध्ये मधूनमधून आपलेच पैसे परत येतात, म्हणून परतावा आणखी घसरतो. युलिपमध्ये पैसा शेअर बाजारात जातो, जोखीम विमेदाराची. पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत. आजीवन पॉलिसीत वारसांसाठी रक्कम राहते, पण तरुण कुटुंबाला ज्या वर्षांत खरा धोका असतो त्या वर्षांत तीही तोकडीच पडते. बचतीचं वळण नसलेल्या माणसाला हप्त्याचा धाक उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे. कित्येक घरांत मुलीचं शिक्षण एका मुदत संपलेल्या पॉलिसीवर झालं आहे. पण ती बचत. तिला विमा समजून माणूस पुढचा विमा घेत नाही, घोटाळा तिथे आहे.

एजंटला दोष देणं सोपं आहे. मोठ्या हप्त्याच्या पॉलिसीवर त्याचं कमिशन मोठं, टर्मवर किरकोळ. तो काय विकेल ते उघड आहे. बँकेच्या काउंटरवर मुदत ठेव नूतनीकरणाला गेलेल्या ज्येष्ठ माणसाच्या हाती ‘दुप्पट लाभा’ची पॉलिसी येते, तिथेही हेच गणित. अशी पॉलिसी घरी आलीच, तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. २०२४ पासून ही मुदत १५ वरून ३० दिवस झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या बचत पॉलिसी पहिल्या वर्षानंतर सोडल्या तरी काही रक्कम परत मिळते. पूर्वी एकच हप्ता भरून थांबलेल्याचे पैसे बुडत.

टर्म घेताना गोम असते ती अर्जात. ‘तंबाखूचं सेवन करता का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण बहुधा एजंटच करतो, कारण ‘हो’ म्हटलं की हप्ता वाढतो आणि गिऱ्हाईक पळतं. माळवा काय, विदर्भ काय, खिशात पुडी नसलेला पुरुष शोधावा लागतो. ही एक खोटी खूण पुढे दावा नाकारायला पुरते. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानं यावर मुदत घातली आहे. पॉलिसीला तीन वर्षं झाली, की कुठल्याही कारणानं तिच्यावर शंका घेता येत नाही. पण ही तीन वर्षं पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर त्या तारखेपासून नव्यानं मोजतात. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५. म्हणून हप्ता बँकेतून आपोआप जाऊ द्यावा, आणि अर्ज स्वतःच्या हातानं भरावा. वैद्यकीय तपासणी होत असेल तर ती टाळू नये. कंपनीच्याच डॉक्टरनं रक्तदाब मोजला असेल तर पुढे ‘लपवला’ म्हणणं कंपनीला जड जातं.

नॉमिनीचंही तसंच. पोरगा नोकरीला लागतो, आईचं नाव घालतो, लग्न होतं, मुलं होतात, कागदावर आईच राहते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी आणि मुलं या नॉमिनींना रक्कम स्वतःच्या हक्कानं मिळते असं कायदा म्हणतो. तरी वारसांत वाद पेटला की प्रकरण कोर्टात जातंच. दुकानदारानं आणखी एक गोष्ट करावी. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे, त्याचं सहावं कलम. नवऱ्यानं त्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा न्यास ठरते आणि सावकार, बँक, व्यापारी घेणेकरी कुणालाही तिच्यावर हात टाकता येत नाही. अर्जासोबत एक पुरवणी भरायची असते, तीही सुरुवातीलाच, नंतर नाही. उधारीवर धंदा करणाऱ्या बाजारपेठेत हे कलम घरोघरी माहीत असायला हवं होतं. एजंट ते सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाही ते माहीत नसतं.

छावणीतल्या माणसाला हे सगळं वाचायची गरज नाही असं वाटत असेल, तर ते निवृत्तीच्या तारखेपर्यंतच खरं आहे. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलं शाळेत, घराचे हप्ते सुरू, आणि सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. एकरकमी पैसे भरून पुढे चालणारं संरक्षण घेता येतं, पण ते नोकरीतल्यापेक्षा बरंच कमी. निवृत्तिवेतनधारक गेला तर कुटुंबाला सामान्यतः शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के निवृत्तिवेतन मिळतं. तो आधार मोठा आहे, बाजारातल्या कुणालाही तो नाही. अग्निवीराला मात्र तोही नाही. चार वर्षांनी सेवा निधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास पैसे घेऊन तो परत येतो, ४८ लाखांचा विमा छावणीच्या फाटकातच राहतो. पंचविशीच्या आत आणि ठणठणीत तब्येतीत टर्म सर्वांत स्वस्त पडतो, आणि नेमकं तेव्हाच तो घ्यावा असं कुणालाही वाटत नाही. कंपनीनं दिलेल्या सामूहिक विम्यावर विसंबणाऱ्या पीथमपूर-इंदूरच्या नोकरदारांचीही हीच गत, नोकरी सुटली की विमा सुटला.

आणि ज्याला टर्म घ्यायचा आहे पण मिळत नाही, त्याचं काय? टर्म देताना कंपन्या पगाराची स्लिप किंवा आयकर विवरण मागतात. ई-रिक्षावाल्याकडे दोन्ही नसतं. मिळकतीच्या प्रमाणात विमा हे सूत्र इथे अडतं. मिळकत आहे, तिचा कागद नाही. यावर तोड म्हणून विमा प्राधिकरणानं जानेवारी २०२१ पासून ‘सरल जीवन बीमा’ नावाची एकसारखी टर्म पॉलिसी कंपन्यांना आणायला लावली. वय १८ ते ६५, रक्कम ५ ते २५ लाख, व्यवसायाची किंवा शिक्षणाची अट नाही, पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. चांगली योजना आहे. तिची जाहिरात तुम्ही कधी पाहिली आहे का? जीवन ज्योतीचे दोन लाख वयाच्या ५५ पर्यंतच मिळतात, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं निदान तेवढे तरी चालू ठेवावेत. ३१ मेच्या सुमारास खात्यात ४३६ रुपये नसले तर ती योजना गपचूप बंद पडते.

दावा अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. ती फेटाळली गेली, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर भोपाळला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात.

बाबासाहेबांच्या सूत्राची एक मर्यादा सांगायलाच हवी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना बी. पी. अडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. त्या सगळ्या विचारात माप वेतनाचं होतं. घरातल्या बाईला वेतन नाही, म्हणून तिचा विमाही नाही. टपाल खात्याचा विमा १८८४ मध्ये सुरू झाला आणि १८९४ मध्ये तिथल्या नोकरदार बायकांना खुला झाला, बाकी कुठली कंपनी बायकांचा विमा घेत नव्हती तेव्हा. पण त्या नोकरदार होत्या. स्वयंपाकघरातल्या बाईच्या कष्टाला किंमत लावायचं काम शेवटी न्यायालयांनी केलं. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीतल्या मृत्यूंबद्दलच्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचं मोल महिना तीन हजार धरलं. जानेवारी २०२१ मध्ये ‘कीर्ती’ खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं, की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यायलाच हवी.

पीथमपूरला जाणाऱ्या त्या माणसाच्या घरात बायको गेली तर स्वयंपाकाला, मुलांना सांभाळायला, शिफ्टच्या वेळी घरात कुणीतरी असायला महिन्याला दहा हजार लागतील असं धरू. धाकटं पंधरा वर्षांचं होईपर्यंत बारा वर्षं, म्हणजे १४ लाख ४० हजार. विम्याच्या चौकशीला गेल्यावर हाही आकडा त्या ७७ लाखांच्या खाली लिहून न्यावा. आता काही कंपन्या गृहिणीला टर्म देतात, बहुधा नवऱ्याचा विमा आणि उत्पन्न पाहून. त्या अर्जावर तरी तिनं स्वतः, वाचून सही करावी.